मावशी लावावी की डबा? आधी कार्डाचं बघा

वाकडहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ३२, पत्नी ३०, दोघं आयटीत. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ३० हजार हातात पडतात, तरी विसाव्या तारखेला खातं कोरडं. घरात भांडण आहे ते खाण्यावरून. रात्रीचं जेवण जवळपास रोज ॲपवरून येतं, त्याचे महिन्याला २१ हजार होतात. गावाहून आलेल्या आईंनी फ्रिजमधली काळी पडलेली कोथिंबीर आणि अर्धा सुकलेला फ्लॉवर पाहिला आणि दोघांनाही सुनावलं. आता प्रश्न असा: दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला ७ हजारांत मावशी लावावी, ९० रुपयांचा डबा लावावा, की घरीच रांधावं? 'मावशी लावल्यास महिन्याला १४ हजार वाचतील. ते एसआयपीत (म्युच्युअल फंडात दर महिन्याला) टाकले तर १५ टक्क्यांनी १५ वर्षांत ९५ लाख होतात. बरोबर ना?'

मग ताजा कलम म्हणावा तशा चार ओळी. क्रेडिट कार्डावर १ लाख ९० हजार बाकी आहेत, 'पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) कधी चुकवलेला नाही, सिबिल (कर्जफेडीचे गुण) ७६० आहे, त्यामुळे टेन्शन नाही.' शिवाय बँकेतून घेतलेला एक 'गॅरंटीड इन्कम प्लॅन' आहे, म्हणजे विमा पॉलिसीच, वर्षाला १ लाख २० हजारांची. दोन हप्ते भरले, तिसरा पुढच्या महिन्यात. त्यासाठी दर महिन्याला १० हजार वेगळे काढून बचत खात्यात १ लाख १० हजार जमवलेत, 'म्हणजे ऐनवेळी धावपळ नको.'

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देतो, पण शेवटी. आधी या चार ओळी.

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. १ लाख ९० हजारांवर साडेसहा हजारांच्या वर व्याज झालं, त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. धरून चाला महिन्याला ७,८५०. तुम्ही कार्डाला महिन्याला २९ हजारांच्या आसपास भरता असं लिहिलंय, आणि ॲपचं २१ हजारांचं खाणंही त्याच कार्डावर आहे, कारण १० टक्के कॅशबॅक मिळतो. भरलेल्यातले २१ हजार या महिन्याच्या खाण्याचे, उरलेले व्याजाचे. मुद्दल जिथल्या तिथे. आठ महिने हे चाललंय. साठेक हजार रुपये बँकेला देऊन झाले आणि बाकी एक रुपयानं हललेली नाही.

कॅशबॅकबद्दल: तुमच्या कार्डाची मर्यादा महिन्याला ७५० रुपये आहे. साडेसातशे मिळवायला पावणेआठ हजार मोजताय. शिवाय जुनी बाकी पूर्ण फेडली नसेल तर नव्या खरेदीला ते ४५-५० बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, हे कार्ड विकणाऱ्यानं सांगितलेलं नसणार. काल रात्रीच्या पनीर हंडीवर कालपासूनच व्याज लागतंय. मिनिमम ड्यू नियमित भरल्यानं दंड लागत नाही आणि सिबिल टिकतं, एवढंच; कर्ज फिटत नाही. किंबहुना व्याज न चुकता देणारा आणि मुद्दल कधीच न फेडणारा ग्राहक बँकेला सगळ्यात प्रिय असतो. ७६० हा आकडा त्यांच्या समाधानाचा आहे, तुमच्या नव्हे.

ही बाकी आली कुठून? तुमच्या पत्रात ती गोष्ट तीन ठिकाणी विखुरलीय, मी एकत्र मांडतो. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तुमची अडीच लाखांची एफडी मुदत संपून आली. ती पुन्हा ठेवायला तुम्ही बँकेत गेलात. तिथल्या रिलेशनशिप मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा दिला, आणि एफडीऐवजी हा प्लॅन दिला: 'सर, एफडीपेक्षा भारी, टॅक्सही वाचतो, दोन वर्षांचे हप्ते तर याच पैशांतून सुटतात.' खरंच सुटले. गेल्या मार्चमध्ये दुसरा हप्ता गेला आणि अडीच लाखांचे दहा हजार उरले. जूनमध्ये मिरजेला वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील नव्हते. १ लाख ७० हजारांचं बिल कार्डावर गेलं.

तेव्हा घरात जे भांडण चाललंय ते चुकीच्या आरोपीवर चाललंय. हे कर्ज बिर्याणीनं झालेलं नाही. एफडी जागेवर असती तर तुम्ही ती मोडली असती, बिल भरलं असतं, आणि मला हे पत्र आलंच नसतं.

आता तो प्लॅन उघडून बघू. १० वर्षं १ लाख २० हजार भरायचे, मग थांबायचं, आणि बाराव्या वर्षाअखेरपासून १० वर्षं दर वर्षी २ लाख घ्यायचे. '१२ लाख भरा, २० लाख न्या, आठ टक्के पडतात' असं मॅनेजर म्हणाले. २० मधून १२ वजा केले की आठ उरतात खरे, पण ते आठ लाख. टक्के काढायचे तर एवढंच बघा: पहिला हप्ता बरोबर १२ वर्षांनी परत येतो, दुसराही १२ वर्षांनी, दहावाही. प्रत्येक १ लाख २० हजारांचे १२ वर्षांनी २ लाख होतात. ७२ चा ठोकताळा तुम्हाला ठाऊक असेल: सहा टक्क्यांनी पैसा १२ वर्षांत दुप्पट होतो. इथे दुप्पट म्हणजे २ लाख ४० हजार व्हायला हवे होते, होताहेत २ लाख. म्हणजे सहासुद्धा नाही. काढून पाहिलं तर ४.४ टक्क्यांच्या आत बसतं. पीपीएफ २०२० च्या एप्रिलपासून ७.१ देतंय, तेही सरकारी हमीनं आणि चहा न पाजता.

टॅक्सचं तर विचारूच नका. तुम्ही दोघंही नव्या करप्रणालीत आहात असं तुम्हीच लिहिलंय. विम्याच्या हप्त्यावरची ८०सी ची वजावट तिथे मिळतच नाही. आणि विमा? १२ लाखांचा. तुमच्या माघारी तेवढ्यात घर जेमतेम वर्षभर चालेल.

थोडक्यात, एका खिशातून ४२ टक्क्यांनी उसने घेताय आणि दुसऱ्या खिशात साडेचार टक्क्यांहून कमीनं ठेवताय. वर त्या साडेचारासाठी दर महिन्याला शिस्तीनं १० हजार बाजूला काढताय, जे बचत खात्यात त्याहूनही कमी कमावतात. शिस्त उत्तम आहे. ती चुकीच्या खात्यावर लावलीय.

आजच करायचं काम: ते १ लाख १० हजार उचला आणि कार्डाला भरा. पुढच्या महिन्याची, हप्त्याच्या तारखेची वाट बघू नका. बाकी ८० हजारांवर येईल आणि व्याज ७,८५० वरून ३,३०० वर. यानंतर त्या कार्डावर काही घ्यायचं नाही, ॲपमध्ये साठवलेला नंबरही काढून टाका. खाणं, किराणा, सगळं यूपीआयनं, खात्यातून. पैसे जाताना दिसले पाहिजेत.

पुढचा हिशोब सोपा आहे. आज कार्डाला २९ हजार, किराण्याला ६ हजार आणि पॉलिसीसाठी १० हजार असे ४५ हजार या तीन कप्प्यांत जातात. खाण्यापिण्याचा एकूण खर्च २७ हजारांवरून १८ वर आला (कसा, ते खाली), तर पॉलिसीचे १० धरून कार्डाला २७ हजार उरतात आणि चौथ्या महिन्यात कार्ड कोरं होतं. आणि खाण्यात एक रुपयाही कमी केला नाही, आज मागवता तसंच मागवत राहिलात, तर? १८ हजार उरतात, पाचव्या महिन्यात कार्ड कोरं. फरक एका महिन्याचा. उलट तुमच्या मनातला बेत, म्हणजे पॉलिसी चालू ठेवायची आणि फक्त खाण्यात काटकसर करून कार्ड फेडायचं, त्याला पंधरा महिने लागतात आणि आणखी सत्तरेक हजार व्याजात जातात. आता सांगा, घरात कुठल्या विषयावर बोलायला हवं.

पॉलिसीचं पुढे काय? विमा कंपनीला (बँकेला नाही, मॅनेजरला तर नाहीच) ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागा: आज सरेंडर केली (मोडली) तर किती मिळतील, पेड-अप केली (हप्ते थांबवून भरलेल्या पैशांपुरती चालू ठेवली) तर कधी किती मिळतील, आणि त्याला कुठल्या अटी आहेत. भरलेल्या २ लाख ४० हजारांतले बरेच गेले असं दिसेल आणि पोटात गोळा येईल. मॅनेजर त्याच आकड्यावर बोट ठेवून म्हणतील, 'सर, आता सोडलं तर नुकसान.' नुकसान होऊन गेलंय. तुमच्या हातात आहेत ते पुढचे ९ लाख ६० हजार, आणि ते तिथे घालायचे का एवढाच प्रश्न आहे. माझं उत्तर नाही असं आहे. घाबरून आज निर्णय घ्यायची गरज नाही: वार्षिक हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, आणि बंद पडलेली पारंपरिक पॉलिसी पाच वर्षांच्या आत थकबाकी व व्याज भरून पुन्हा चालू करता येते. कार्डावरचं व्याज मात्र कुणासाठी थांबत नाही.

मॅनेजरचा 'पाच वर्षांनी कधीही काढता येईल' असा व्हॉट्सॲप मेसेज अजून तुमच्याकडे आहे. तो जपून ठेवा. पॉलिसी परत करायची ३० दिवसांची फ्री-लूक मुदत कधीच गेली, पण खोटं सांगून विकल्याची तक्रार करता येते: आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर, आणि उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालांकडे. लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे, वकील लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं नाही, पण लेखी पुरावा असलेल्यांनी तरी गप्प बसू नये. मार्च जवळ आलाय, त्याच खुर्चीवर याच महिन्यात अजून किती जण बसले असतील.

आता मावशी. तुमच्या वजाबाकीत एक गोम आहे. २१ हजारांतून ७ हजार वजा केलेत आणि १४ उरवलेत, पण मावशी किराणा घेऊन येत नाहीत. घरी रोज चूल पेटली की दूध, भाजी, तेल, गॅस धरून दोघांचे ९ हजार जातात. बाहेरचं पूर्ण बंद होणार नाही, त्याला ५ हजार ठेवा. झाले २१. आज ॲपचे २१ आणि सडायला आणलेल्या किराण्याचे ६ मिळून २७ जातात. बचत सहाच हजारांची.

त्यापेक्षा तुम्ही जगता कसे ते बघा. दोघं साडेआठला घरी येता. संध्याकाळी सहाला मावशी आल्या तर दार कोण उघडणार? किल्ली देणं तुम्हाला नको आहे. मग सकाळी साडेसातची एकच फेरी ठरवा: पोळ्या आणि एक भाजी, डब्यालाही आणि रात्रीलाही. वाकडच्या भागात दोन माणसांचे साडेचार हजार सांगतील. रात्री फक्त कुकर लावायचा, वरण-भात नाहीतर मुगाची खिचडी. साडेआठला दमून आलेल्या माणसाला एवढंच झेपतं, आणि जे झेपतं तेच तीन महिने टिकतं. साडेचार मावशींचे, साडेआठ किराण्याचे, पाच बाहेरचे: १८ हजार. दिवाळीला त्यांचा एक पगार जास्तीचा धरून ठेवा, आणि महिन्याच्या सुट्ट्यांचे पैसे कापू नका. तिथे कंजुषी केली की मावशी सोडतात आणि ॲप परत येतं.

डबा वाईट नाही. दोघांचे एका वेळचे महिन्याला पावणेपाच हजार होतात, किराणा वाचतो. पण तिसऱ्या आठवड्यात सलग चौथ्यांदा बटाटा आला की डबा तसाच राहतो आणि वर ऑर्डर जाते, म्हणजे दोन्ही खर्च. मावशी मिळेपर्यंत जरूर लावा.

ॲपची किंमत एकदा नीट वाचा. तुम्ही पाठवलेल्या बिलात हंडी, चार रोट्या, जिरा राइस मिळून ६१०; सवलत १००; मग पॅकिंग ३०, डिलिव्हरी ३५, पाच टक्के जीएसटी, आणि २०२३ मध्ये दोन रुपयांपासून सुरू होऊन आता दोन आकड्यांत गेलेली प्लॅटफॉर्म फी. ६२० ला बसलं. सवलत दिली आणि मागच्या दारानं काढून घेतली. त्याच हॉटेलात जाऊन बसलात तर बहुतेक वेळा मेन्यूचे दरच कमी असतात. घरी तेवढ्याच जेवणाला शंभर-सव्वाशे लागतात. पण महिन्याच्या चौतीस ऑर्डरींतल्या आठ ठेवल्यात तरी माझी हरकत नाही. शनिवारी ताटावर बसून हिशोब करणारं घर कुणालाच आवडत नाही.

९५ लाखांचं स्वप्न १४ हजार आणि १५ टक्के या दोन चुकीच्या आकड्यांवर उभं आहे. ९ हजार (खर्च २७ वरून १८ वर आल्याची बचत) आणि ११ टक्के धरा, १५ वर्षांत ४० लाखांच्या आसपास. तेही वाईट नाही. पण एसआयपी कार्ड फिटल्यावर, आणि एफडी परत उभी राहिल्यावर. कार्ड कोरं झालं की मोकळे होणारे २७ हजार नऊ-दहा महिने एफडीत टाका, अडीच लाख परत जमतील. या वेळी ती ऑनलाइन काढा, बँकेत जाऊ नका.

मध्ये दोन खर्च येतील, ते कापू नका. तुम्हा दोघांचा प्रत्येकी एक कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा): या वयात, तंबाखूचं व्यसन नसेल तर वर्षाला माणशी साधारण १२ ते १५ हजार. आणि आईवडिलांचा आरोग्य विमा. वडिलांचा हप्ता जबर येईल, काही कंपन्या नाहीच म्हणतील. आधी तुमच्या कंपनीच्या गटविम्यात जादा हप्ता भरून आईवडिलांना घेता येतं का ते एचआरला विचारा, तिथे बहुतेक जुने आजार लगेच धरतात. बाहेरून घ्यावा लागला तर फॉर्मवर अँजिओप्लास्टी लिहायचीच, एजंट 'गरज नाही' म्हणाला तरी. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, आणि ती तीन वर्षं त्यांच्या हृदयाचा खर्च तुमच्या एफडीवर आहे.