संकेतस्थळाचा मजकूर आणि मांडणी: हे करिअर होऊ शकते का?

सप्रेम नमस्कार.

ऐरोलीहून आपण पाठवलेले पत्र आणि सोबतची जुन्या-नव्या पानांची छायाचित्रे मिळाली. आपली कन्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नौपाड्यात घरगुती मसाले आणि भाजणी विकणाऱ्या मावशीच्या संकेतस्थळाचा मजकूर आणि मांडणी तिने दिवाळीआधी बदलली, ऑर्डर वाढल्या, आणि आता बँकेच्या परीक्षा बाजूला ठेवून तिला हेच काम करायचे आहे. यात पोट भरेल का, आणि त्यासाठी महागडा कोर्स लावावा का, हे आपले दोन प्रश्न.

पोट भरते, मात्र केवळ भाषा चांगली असून भागत नाही. जुन्या पानावर सर्वांत वर ‘तीन पिढ्यांचा विश्वास, अस्सल स्वाद’ असे होते आणि वजन, किंमत शोधायला दोनदा खाली जावे लागे. तिने पहिल्याच ओळीत ‘गोडा मसाला, 200 ग्रॅम, चौघांच्या घरी महिनाभर पुरतो’ असे लिहिले, ते योग्यच, कारण वास घेता येत नसलेल्या गिऱ्हाइकाला निदान दुकानात विचारले असते तेवढे तरी न विचारता कळले पाहिजे. त्याहून मोलाचा बदल मला घरपोच खर्चाचा वाटतो: तो आधी पैसे भरण्याच्या पानावर अचानक उगवत असे, तो तिने किमतीशेजारी आणला. शेवटच्या पायरीवर रक्कम वाढलेली दिसली की माणसे मुकाट्याने निघून जातात, आणि का गेली हे दुकानदाराला कळतही नाही.

पानावरचे ‘ऑफर संपायला 10 मिनिटे’ हे घड्याळ मात्र आपल्याच पत्रानुसार पान पुन्हा उघडले की नव्याने सुरू होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये फसव्या मांडणीचे 13 प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. खोटी घाई हा त्यांतलाच एक. ते तिने ताबडतोब काढावे, कारण मुलाखतीत जाणकार माणसाची नजर आधी तिथेच जाईल.

आता वाढलेल्या ऑर्डरविषयी. दिवाळीच्या तोंडावर भाजणीची मागणी एरवीही वाढते, त्यामुळे सगळे श्रेय मजकुराला देता येणार नाही. समजा, महिन्याला हजार लोक पान पाहतात आणि 20 जण खरेदी करतात. पुढच्या महिन्यात 26 जणांनी केली, तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. दोन टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर झालेली वाढ खात्रीने पकडायची तर जुन्या आणि नव्या अशा प्रत्येक पानाला सुमारे 14 हजार भेटी लागतात. इतक्या छोट्या दुकानाने म्हणून दोन पानांची तुलना करणाऱ्या अशा चाचण्यांच्या नादी लागण्यापेक्षा, खरेदी अर्धवट सोडलेल्या पाच गिऱ्हाइकांना फोन करून कारण विचारणे बरे. हे भान मुलीला आले, तर ती नुसत्या शब्दांच्या कारागिरांपेक्षा पुढे राहील.

कोर्स सध्या नको. लोक पानावर कुठे थांबतात, कुठून परततात हे दाखवणारे मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी विनामूल्य आहे. ते बसवून तिने प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी: आधी काय होते, का बदलले, पुढे काय झाले. नोकरी मागताना हीच वही दाखवायची. पुढे मांडणीत अधिक रस वाटला, तर एम.डेस. या डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची सीड ही प्रवेश परीक्षा वाणिज्य पदवीधरालाही देता येते; प्रवेशासाठीची पात्रता मात्र त्या त्या संस्थेकडे आधी तपासावी. त्यामुळे पदवी पूर्ण करण्याबाबत तडजोड नको.

बँकेचा रस्ताही लगेच बंद होत नाही. सरकारी बँकांतील अधिकारीपदासाठीच्या आयबीपीएसच्या पीओ परीक्षेसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा 30 वर्षे आहे. तेव्हा पदवीनंतर तिला एक वर्ष द्यावे, आणि त्या वर्षात नात्यातले नसलेले, ठरलेले पैसे मोजणारे दोन-तीन ग्राहक तिने स्वतः मिळवावेत. मावशीचे काम त्यांत धरू नये.