वेगवेगळ्या हार्डवेअरच्या पॉवर मॅनेजमेंटसाठी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एकच इंटरफेस कसा आखावा?

ड्रायव्हरच्या (उपकरण हाताळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हाती 'डी3 मध्ये जा', म्हणजे 'सगळ्यात खोल झोपेत जा', असा थेट हुकूम देऊ नका. 'उपकरण आत्ता हवंय' आणि 'काम झालं' एवढंच त्याने कळवावं. किती खोल झोपवायचं ते कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, ठरवावं. एसीपीआय या पीसीवरच्या पॉवर मॅनेजमेंटच्या मानकात डी0 (पूर्ण चालू) ते डी3 (बंद) अशा अवस्था असतात, तर बहुतेक एआरएम चिपवर क्लॉक (चिपला ताल देणारा सिग्नल), रेग्युलेटर (व्होल्टेज पुरवणारा भाग) आणि पॉवर डोमेन (एकत्र चालू-बंद होणारा चिपचा भाग) स्वतंत्रपणे हाताळावे लागतात. हा फरक वरच्या थराला दिसताच कामा नये.

प्रत्येक उपकरणाला वापराचा काउंटर (ते सध्या किती जणांना हवंय याची मोजणी) ठेवा. तो शून्यावर आला की लगेच बंद न करता टायमर लावा, नाहीतर सतत चालू-बंद करण्यातच वाचवलेली वीज जाते. जागं करताना आधी पालक बस (उपकरण ज्या मार्गाने जोडलेलं असतं तो), मग उपकरण, झोपवताना उलट.

खरी गडबड एरर पाथमध्ये, म्हणजे काही चुकल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, होते. लिनक्समधलं उपकरण जागं करणारं फंक्शन 'पीएम_रनटाइम_गेट_सिंक' अपयशी ठरलं तरी काउंटर वाढवतं. ड्रायव्हर नुसता एरर परत करून बाहेर पडला, तर काउंटर कधीच शून्यावर येत नाही आणि उपकरण पुन्हा झोपत नाही. म्हणून पुढे 'पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट' आलं. ते अपयशी ठरल्यास काउंटर पूर्ववत करतं. तुमचा इंटरफेस पहिल्यापासून असाच ठेवा.

काउंटर वेळेआधी उतरला तर क्लॉक बंद असताना उपकरणाचं रजिस्टर (त्याच्या आतली छोटी नोंद-जागा) वाचलं जातं आणि काही चिपवर अख्खी बस अडकते. सामायिक इंटरप्ट (अनेक उपकरणं मिळून वापरतात असा 'लक्ष द्या' सिग्नल) असेल तर तो आल्यावर चालणाऱ्या हँडलरमध्ये उपकरण जागं आहे का, हे आधी तपासाच.

जागं व्हायला किती विलंब चालेल, तेही ड्रायव्हरला मायक्रोसेकंदांत सांगता यायला हवं.