स्वाक्षरी विकत घेण्यापूर्वी

क्रिकेटपटूंच्या स्वाक्षऱ्यांचा संग्रह आपण सुरू करत आहात याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र पहिलीच खरेदी महागड्या बॅटची करू नये. आधी पुण्यात सहकारनगरमधील ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय सवडीने पाहावे, म्हणजे डोळ्यांना खऱ्या सह्यांची सवय होईल.

विक्रेत्याने प्रमाणपत्र दिले एवढ्याने सही खरी ठरत नाही, कारण प्रमाणपत्रही बनावट छापता येते. ते कोणी दिले, सही होताना कोण हजर होते आणि वस्तू कोणाकोणाच्या हातून आली, हे लेखी मागावे; टाळाटाळ झाल्यास व्यवहार सोडावा.

सही नेहमी भिंगाखाली पाहावी. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात, तर नक्कल करणारा जपून, हळू लिहीत असल्यामुळे त्याच्या रेषेत थरथर आणि मध्येच थांबल्याच्या खुणा राहतात. खऱ्या सहीतील रेषा हाताच्या वेगाप्रमाणे बारीक-जाड होत जाते. काळाचा हिशेबही घालावा. जुन्या काळातील नामवंत फलंदाज रणजितसिंहजी १९३३ मध्ये निवर्तले आणि बॉलपेन बाजारात आले ते १९४० च्या दशकात, त्यामुळे त्यांची बॉलपेनने केलेली सही असूच शकत नाही.

माझ्या मते सुरुवात पुण्याच्याच खेळाडूंपासून करावी. चंदू बोर्डे यांच्यासारख्यांच्या साध्या कागदावरील सह्या तुलनेने स्वस्त मिळतात, आणि त्यांची नक्कल करण्यात फसवणाऱ्याला फारसा नफाही नसतो.