तासाची पहिली पाच मिनिटे

प्रश्न : मी नाशिकरोड भागातील एका माध्यमिक शाळेत आठवीला गणित शिकवते. वर्गात ५२ मुले आहेत आणि माझी ३५ मिनिटांची तासिका मधल्या सुट्टीनंतर लगेच असते. हजेरी झाल्यावर ‘काल आपण काय शिकलो?’ असे विचारले, की पुढच्या बाकांवरची तीन-चार मुलेच उत्तर देतात. मध्यंतरी सुरुवातीला कोडी आणि टाळ्यांचे खेळ घेऊन पाहिले. मुले रमली, पण फळ्यावर धड्याचे नाव लिहिताच वर्ग पुन्हा सुस्तावला. काय करावे?
— एक शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्यातच दुखणे सापडते. खेळ चांगला होता, पण तो धड्याचा नव्हता. त्यामुळे खेळ संपला तेव्हा मुलांच्या दृष्टीने तासातली गंमतही संपली. बी.एड.च्या पाठ टाचणात (तासाच्या लेखी आराखड्यात) आपण सर्वांनी ‘प्रस्तावना’ आणि ‘हेतुकथन’ हे रकाने भरलेले आहेत. जर्मन शिक्षणतज्ज्ञ योहान हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारांवरून त्यांच्या अनुयायांनी जी पाच पायऱ्यांची पाठपद्धती बसवली, तिच्यातील पहिली पायरी पूर्वतयारीची होती, कारण नवे ज्ञान मुलाच्या मनात आधीपासून असलेल्या गोष्टींना जोडले गेले तरच ते टिकते, अशी हर्बार्ट यांची धारणा होती. आपण मात्र त्या पायरीचा उपचार करून टाकला : उत्तर ठाऊक असलेले तीन प्रश्न विचारायचे आणि ‘तर मुलांनो, आज आपण…’ असे म्हणून धडा उघडायचा.

माझे स्पष्ट मत असे आहे की, सुरुवातीला विचारायचा प्रश्न त्या दिवसाच्या धड्याच्या पोटातलाच असावा, प्रत्येक मुलाला त्यावर काहीतरी अंदाज बांधता यावा आणि त्याचे खरे उत्तर मात्र धडा शिकल्याशिवाय हाती लागू नये.

घनफळाचाच धडा घ्या. पावसाळ्यात ‘गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला’ ही बातमी नाशिकच्या प्रत्येक घरात वाचली जाते आणि नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले की कमरेला, यावरून गोदावरीच्या पुराचा अंदाज घेतला जातो. वर्गात आल्याबरोबर, काही न बोलता, फळ्यावर एवढेच लिहा : ‘१००० क्यूसेक पाणी या वर्गात सोडले, तर वर्ग छतापर्यंत किती वेळात भरेल? अंदाज वहीत लिहा.’ कोणी अर्धा तास लिहील, कोणी दोन मिनिटे. मग क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एवढेच सांगा आणि दोन मुलांना टेप घेऊन वर्ग मोजायला लावा. वर्ग २५ फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच निघाला, तर त्याचे घनफळ ५००० घनफूट होते आणि तो अवघ्या पाच सेकंदांत भरतो! आपल्या वहीतला ‘अर्धा तास’ आणि फळ्यावरचे ‘५ सेकंद’ यांच्याकडे आळीपाळीने पाहणाऱ्या मुलाला लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार का करायचा, हे निराळे पटवावे लागत नाही. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर, म्हणजे दर सेकंदाला १० हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर, हा हिशेब त्याच ओघात मुले स्वतःच करतील.

अंदाज वहीत लिहून घेण्याचा आग्रह सोडू नका. तोंडी विचारलेला प्रश्न पुढचे बाक उचलतात आणि बाकीचा वर्ग सुटतो. लिहायला सांगितले की ५२ जणांना काहीतरी ठरवावेच लागते. त्यानंतर शेजाऱ्याशी मिनिटभर बोलू द्या आणि मगच मागच्या बाकापासून उत्तरे घ्या.

प्रश्न विचारल्यावर थांबणे हे तर आपल्याला सर्वांत जड जाते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांचे निरीक्षण करून दाखवले, की शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात. हा काळ तीन सेकंद किंवा अधिक केला, तेव्हा मुलांची उत्तरे सविस्तर झाली आणि गप्प राहणाऱ्यांचे प्रमाण घटले. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. ती शांतता सुरुवातीला खटकेल, पण तेवढ्या वेळात मुले विचार करत असतात.

हजेरी मुले अंदाज लिहीत असताना घ्या. रोज असा प्रश्न सुचणार नाही. त्या दिवशी आदल्या दिवशीच्या वह्यांत आढळलेले एक चुकीचे उदाहरण, नाव न सांगता, फळ्यावर मांडून ‘यात चूक कुठे आहे?’ एवढे विचारले तरी पुरेसे आहे.

प्रश्न : आमच्या गावात एस.टी. उशिरा येते आणि पहिल्या तासाला आठ-दहा मुले मागाहून येतात. त्यांच्यासाठी सुरुवात लांबवावी का?
— एक शिक्षक, त्र्यंबकेश्वर तालुका

उत्तर : लांबवू नये, वेळेवर आलेल्या मुलांवर तो अन्याय होतो. प्रश्न तोंडी न विचारता फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि तास संपेपर्यंत पुसू नका. उशिरा आलेल्या मुलाला दारात उभे करून कारण विचारण्याऐवजी बसू द्या. तो फळा वाचेल, वही उघडेल आणि आपला अंदाज लिहील.