चार सारख्या चौकटी आणि दुसऱ्या दिवशीचा ठोसा

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलीला तिच्या मामानं न्यू जर्सीहून ‘पीनट्स’ या अमेरिकी चित्रपट्टीच्या समग्र संग्रहाचा पहिला खंड पाठवलाय, १९५० ते १९५२चा. आम्हाला ठाऊक असलेला स्नूपी कुत्रा टी-शर्टावरचा. यातला चक्क चार पायांवर चालतो, घराच्या छपरावर झोपत नाही. त्यातला मुख्य मुलगा चार्ली ब्राऊन ओळखू येत नाही आणि पोरं एकमेकांना ठोसे लगावतात. हे सगळं एकाच माणसाचं आहे ना? आणि मुलीला वाचायला देऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : माणूस एकच, चार्ल्स शुल्झ. पन्नास वर्षांत १७,८९७ पट्ट्या, आणि त्यासाठी त्यानं हाताखाली मदतनीस ठेवला नाही. संवादांच्या फुग्यांतली अक्षरंही त्याचीच. मी पंचवीस वर्षं एका दैनिकात पानं लावली, त्यामुळे हा आकडा मला जरा जास्तच जड वाटतो.

तुम्हाला खटकलं ते अगदी पहिल्या दिवसापासून आहे. २ ऑक्टोबर १९५०, सोमवार. अमेरिकेतल्या सात वर्तमानपत्रांत पहिली पट्टी आली. शर्मी आणि पॅटी ही दोन पोरं रस्त्याकडेला बसलीयत. लांबून चार्ली ब्राऊन येतो. शर्मी म्हणतो, आला बघ आपला चार्ली ब्राऊन. चार्ली हसतमुखानं समोरून निघून जातो. शर्मीचं ‘आपला चार्ली ब्राऊन’ चालूच. शेवटच्या चौकटीत चार्ली नाही, आणि शर्मी तोंड वाकडं करून म्हणतो, मला तो मुळीच आवडत नाही! संपलं.

तुमचा ठोसा दुसऱ्याच दिवशीचा. लहान मुली साखरेच्या, मसाल्याच्या आणि सगळ्या छान छान गोष्टींच्या बनलेल्या असतात, अशा अर्थाचं इंग्रजी बालगीत म्हणत पॅटी चाललीय. वाटेत चार्ली भेटतो, त्याच्या डोळ्यावर एक ठेवून देते आणि गाणं पुरं करत पुढे जाते. तिसऱ्या दिवशी स्नूपी. डोक्यावर फूल लावून ऐटीत खिडकीखालून जातो आणि वरून पॅटी कुंडीला पाणी घालते. तीन दिवसांत तीन तऱ्हांनी मुखभंग, दोनदा चार्लीचा आणि एकदा स्नूपीचा. गोंडसपणा म्हणाल, तर तो फक्त त्या मोठाल्या डोक्यांत.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. रात्री दहाला जाहिरात आली की पानावरून पहिली उडायची ती चित्रपट्टी. उडवायची नसेल तर दाबायची. एकदा एक परदेशी पट्टी (‘पीनट्स’ नव्हे) आडवी बसेना, म्हणून मी ब्रोमाइड (पानावर चिकटवायची फोटोप्रत) कापून वर दोन, खाली दोन अशा चौकटी चिकटवल्या. पण त्यातल्या दोन रुंद होत्या, दोन चिंचोळ्या. कोपरा जुळवण्याच्या नादात तिसरी चौकट दुसरीच्या आधी बसली. विनोद होण्याआधीच माणूस हसत होता. सकाळी दोन फोन आले. दोन्ही एकाच आजोबांचे.

‘पीनट्स’ विकणाऱ्या सिंडिकेटनं, म्हणजे वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या कंपनीनं, ही भानगड आधीच ओळखली होती. चारही चौकटी एका मापाच्या. आडवी लावा, उभी लावा, दोनावर दोन रचा, कात्री कुठेही चालवली तरी बिघडत नाही. ‘जागा वाचवणारी पट्टी’ म्हणूनच ती संपादकांच्या गळ्यात मारली. शुल्झला याचा राग होता, आणि तो बरोबरच होता. पण त्या टीचभर जागेनंच त्याच्याकडून काय करवून घेतलं ते बघा. मागे इमारती नाहीत, गर्दी नाही. एक गवताची रेघ, एक पायरी, फार तर कुंपण. एवढ्याशा चौकटीत हाणामारी काढायला जागा नसते, मग पोरं बोलायला लागतात, आणि बोलताना एकमेकांना जास्त लागेल असं बोलतात. शुल्झचा पुढचा सगळा थोरपणा मला या कोंडमाऱ्यातून आलेला दिसतो. मोठं अर्धं पान मिळालं असतं, तर तो इतरांसारखाच एक चांगला चित्रकार झाला असता, असं माझं मत. पटत नसेल तर लिहा.

नावही सिंडिकेटनंच लादलं. शुल्झची आधीची मालिका ‘लिल फोक्स’ अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या वर्तमानपत्रात १९४७पासून येत होती. त्या नावाशी मिळतीजुळती नावं दुसऱ्यांची निघाली आणि याला मिळालं ‘पीनट्स’. म्हणजे शेंगदाणे, चिल्लर, किरकोळ माल. त्याला ते शेवटपर्यंत आवडलं नाही.

चार्ली ओळखू येत नाही, कारण शुल्झलाच तो अजून पुरता ओळखू आलेला नव्हता. सुरुवातीला तो चार वर्षांचा, जरा आगाऊ, दुसऱ्याची खोडी काढून पळणारा. अंगात साधा शर्ट. नागमोडी पट्ट्याचा शर्ट २१ डिसेंबर १९५०ला येतो, तारखेवरून मुलीला शोधायला सांगा. हरणारा चार्ली हळूहळू घडत गेला, आणि मजा म्हणजे त्याला हरवणारी मंडळी पाळण्यातून आली. १९५१च्या मे महिन्यात श्रोडर तान्हं बाळ म्हणून येतो, सप्टेंबरमध्ये खेळण्यातल्या पियानोवर बसतो, आणि पुढे बीथोव्हेन वाजवतो. त्याच्या डोक्यावरची स्वरलिपीही खरी, शुल्झ ती मूळ संगीतावरून उतरवून घ्यायचा. मार्च १९५२मध्ये ल्यूसी येते, डोळ्यांभोवती गोल वर्तुळं असलेली चिमुरडी. सप्टेंबरात तिचा भाऊ लायनस, त्याला तर धड बसताही येत नाही. दोन-तीन वर्षांत हे सगळे चार्लीच्या बरोबरीला आले आणि तिथेच थांबले. चार्ली मात्र त्यांना मोठं करता करता मागे पडला. घरातल्या थोरल्याचं होतं तसं. मी थोरलाच आहे.

स्नूपीचंही तेच. २७ मे १९५२ला त्याच्या डोक्यावर पहिल्यांदा विचारांचा ढग दिसतो. म्हणजे तुमच्या खंडातच कुत्र्याचा माणूस व्हायला सुरुवात झालीय. छपरावर तो झोपला डिसेंबर १९५८मध्ये.

मुलीला जरूर द्या. दहा वर्षांच्या मुलीला पॅटीचा ठोसा तुमच्यापेक्षा लवकर कळेल. फक्त पहिल्या पानापासून सलग वाचायची सक्ती नको. मामाला अजून एक खंड पाठवायला सांगता आला तर १९५३-५४चा मागवा. लायनस सतत कवटाळून बसतो ती गोधडी त्यात सापडेल.

*

प्रश्न : चार्ली लाथ मारायला धावतो आणि ल्यूसी ऐन वेळी फुटबॉल काढून घेते, हे पहिल्यांदा कधी झालं? आमच्यात पैज लागलीय. – दोन मित्र, कोल्हापूर

उत्तर : दोघंही हरला असण्याची शक्यता आहे. पहिल्यांदा चेंडू सुटला तो ल्यूसीच्या नव्हे, व्हायोलेट या दुसऱ्या मुलीच्या हातून, १४ नोव्हेंबर १९५१ला. तिच्या मनात काळंबेरं नव्हतं. हा आपल्या हातावरच लाथ मारेल या भीतीनं तिनं चेंडू सोडला.

ल्यूसीची पाळी १६ नोव्हेंबर १९५२च्या रविवारी. रविवारची पट्टी त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाली होती, त्यामुळे धावायला जागा मिळाली. ल्यूसी चेंडू ओढते, कारण चार्लीच्या बुटांनी तो मळेल. चार्ली पुन्हा सांगतो, या वेळी घट्ट धर. ती इतकी घट्ट धरते, की चेंडू हलत नाही आणि चार्ली त्यावरून कोलमडतो. एकाच दिवशी दोनदा आपटला, आणि दुसऱ्यांदा तर ल्यूसीनं अक्षरशः सांगितलं तेच केलं! मग तो म्हणतो, आता दिवसभर मी असाच पडून राहणार. ल्यूसीचा खवचटपणा पुढे मुरत गेला. मला पहिलाच प्रसंग जास्त आवडतो, कारण त्यात कुणी दुष्ट नाही.

पैजेचे पैसे व्हायोलेटच्या नावानं भेळेवर उडवा.

*

प्रश्न : या मुलांना आईवडील नाहीत का? – इयत्ता सहावीतली वाचक, सातारा

उत्तर : आहेत गं. चार्लीचे बाबा तर न्हावी आहेत, शुल्झचे स्वतःचेही होते. फक्त ते दिसत नाहीत. आपल्या ‘चिंटू’त आई-पप्पा चौकटीत येतात आणि ओरडतातही. शुल्झनं कॅमेरा मुलांच्या उंचीवर ठेवला. तिथे मोठा माणूस उभा केला तर त्याचे गुडघेच दिसणार. एकदा, मे १९५४मध्ये, रविवारच्या पट्टीत त्यानं ल्यूसीला गोल्फच्या स्पर्धेत उतरवलं आणि मागे मोठ्यांची गर्दी काढली. सगळं बिघडलं. एवढ्या मोठ्या माणसांत ल्यूसी एकदम खरीखुरी लहान मुलगी दिसायला लागली. पुन्हा त्या वाटेला तो गेला नाही.