ट्रेनी की अप्रेंटिस?

प्रश्न : आयटीआय फिटर झालोय. चाकणची एक कंपनी ‘ट्रेनी’ म्हणून घेते आहे. पुढे अप्रेंटिसचं प्रमाणपत्र मिळेल का?

उत्तर : नुसत्या ट्रेनीच्या पत्रावर नाही. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर करार नोंदलेला हवा. करारावर ट्रेड ‘फिटर’च आहे ना, कालावधी आणि विद्यावेतन किती, हे सहीआधी वाचा. आधी ‘हेल्पर’चं काम आणि करार नंतर, असं कंपनीवाले म्हणाले तर सरळ नाही म्हणा.

घोळ बहुधा नावात होतो : गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव, आधारवर नाही. ते आधी जुळवा. बँक खातंही आधारशी जोडा, नाहीतर विद्यावेतनातला सरकारचा हिस्सा अडकतो. अप्रेंटिसशिपच्या शेवटची परीक्षा उत्तीर्ण झालात की अप्रेंटिसचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. नोकरी देणं मात्र कंपनीवर बंधनकारक नाही.