झऱ्याच्या बाटलीबंद पाण्यात २६०० जिवाणू निघाले, पाणी फेकायचं का?

तुम्ही लिहिलंय की घरी कॅम्परऐवजी झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या मागवता. त्यातली एक लॅबला दिलीत, तर २२ अंशांवर २६०० सीएफयू (जिवाणू वाढवायच्या प्लेटवर मोजलेले ठिपके) प्रति मिलि, ३७ अंशांवर १५, कोलिफॉर्म आणि ई. कोलाय (पाण्यात घाण, मैला मिसळल्याची खूण मानले जाणारे जंतू) '१ पेक्षा कमी प्रति १०० मिलि', आणि खाली शेरा 'असमाधानकारक'. घरात दहा महिन्यांचं बाळ आहे.

मी ग्वाल्हेरला लष्करात अकरा वर्षं पाणी तपासलंय. (लष्कर म्हणजे फौज नव्हे हो, आमच्या शहराचा भाग.) पाणी फेकू नका. घाबरवतोय तो २६०० चा आकडा, आणि या रिपोर्टात सगळ्यात कमी महत्त्वाचा तोच आहे.

२२ अंशांवर ७२ तास ठेवलेल्या प्लेटवर येतात ते बहुतेक जमिनीतले, पाण्यातले मूळचे जिवाणू. खडकात थंड, उपाशी पडलेले असतात. बाटलीत आले की ऊब मिळते, चिकटायला प्लास्टिक मिळतं, आणि आठवड्याभरात हजारांवर जातात. प्लेटवर पिवळे, पांढरे, खसखशीएवढे ठिपके. दिसायला वाईट, पण नुसत्या या संख्येवरून पाणी घातक ठरत नाही. तो शेरा बहुधा २२ अंशांवर १०० आणि ३७ अंशांवर २० या मर्यादांवरून मारलाय. त्या आयएस १४५४३ या भारतीय मानकातल्या, म्हणजे प्रक्रिया केलेल्या बाटलीबंद पाण्याच्या. नैसर्गिक खनिज पाण्याचं मानक वेगळं, आयएस १३४२८. तुमच्या बाटलीवर कोणता आकडा छापलाय ते आधी बघा. युरोपात झऱ्याच्या पाण्यालाही १००-२० लावतात, पण भरल्यापासून १२ तासांच्या आत मोजलं तर. तुमची बाटली दुकानातून आलेली!

३७ अंश म्हणजे आपल्या अंगाची ऊब. तिथे फक्त १५, हे चांगलं लक्षण. उलटं असतं, ३७ वर हजारो आणि २२ वर थोडे, तर मी म्हटलं असतं की भरताना कुणाचा तरी हात लागलाय.

'१ पेक्षा कमी' म्हणजे १०० मिलि पाणी गाळलं आणि एकही ठिपका आला नाही. लॅब शून्य लिहीत नाही, एवढंच. पण इथे एक खोट आहे. १०० मिलि हा नळाच्या पाण्याचा हिशेब. बाटलीबंद पाण्यात ई. कोलाय, कोलिफॉर्म २५० मिलिमध्ये नसायला हवेत. आणि स्यूडोमोनास एरुजिनोसाची ओळ तुमच्या रिपोर्टात नाहीच! मला काळजी तिची. हा जंतू कारखान्यातल्या पाइपात, भरायच्या नळ्यांत घर करतो. प्लेटवर निळसर हिरवा रंग सोडतो, आणि प्लेटचं झाकण उघडलं की द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. तो वास आला की आम्ही पुढचं काही न बघता फोन उचलायचो.

नमुना कसा पोचला तेही विचारात घ्या. एकदा मे महिन्यात मी स्वतःच एक बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि वाटेत मामांकडे चहाला थांबलो. दीड तास. पुढे आलेली संख्या पाण्याची की डिकीची, हे मलाच सांगता येईना. नमुना पुन्हा मागवावा लागला. सीलबंद बाटली, बर्फाचा डबा, २४ तासांच्या आत लॅब.

कुणी सांगेल की काळी पडणारी कुपी आणा (मैल्यातल्या जंतूंनी सोडलेल्या गंधकाच्या वायूनं ती काळी होते), घरीच कळेल. ती पद्धत १९८२ साली आमच्याच ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मांडली, त्यामुळे मला तिचा अभिमान. विहिरी, हातपंपांसाठी उत्तम. पण झऱ्याच्या पाण्यात मुळातच गंधकाचा वास असेल तर ती जंतूंशिवायही काळी पडते, तीही काही मिनिटांतच.

आता त्याच बॅचच्या दोन न उघडलेल्या बाटल्या द्या, भरल्याची तारीख लॅबला सांगा, आणि २५० मिलिवर ई. कोलाय, कोलिफॉर्म, स्यूडोमोनास मागा. बाळाच्या दुधाची पावडर मात्र, रिपोर्ट कितीही स्वच्छ आला तरी, उकळलेल्या आणि ७० अंशांच्या खाली न गेलेल्या पाण्यातच कालवा, मग निववून पाजा. मोठ्यांचं म्हणाल तर या आकड्यांवर मी तीच बाटली उघडून प्यायलो असतो.